भागीरथीचं तेल

तुळसाने कालव फोडलं, गर तोंडात टाकला आणि तसाच खडकावर थुंकला.

"शी! आज पण तोच वास. ह्या जहाजवाल्यांचां वाटोळां होवंदे गो!"

पलीकडच्या खडकावर हर्षदा तारी उकिडवी बसली होती. ओहोटीने खाडीचे खडक उघडे पडले होते आणि तिवरवाडीच्या बायका टोपल्या घेऊन कालवं काढायला आल्या होत्या. हर्षदानेही हातोडीच्या टोकाने एक शिंपला उघडला, आतला गर बोटाने सुटा केला आणि तोंडात टाकला. थुंकली नाही. सावकाश चावला, डोळे मिटले, गिळला.

"तुका नाय इलो वास?" तुळसाने विचारलं.

"थोडोसो," असं म्हणून हर्षदाने तोंड फिरवलं.

थोडासा कसला! चांगला भपकन आला होता. डिझेलचा वास. आता डिझेल म्हणजे काय हे ठाऊक नसलेली पोरं तिवरवाडीच्या शाळेत पाढे म्हणत होती, एवढा काळ लोटला होता. होड्या बॅटरीवर चालायच्या. जेटीवर रांगेत उभ्या राहून रात्रभर वीज प्यायच्या आणि पहाटे गुणगुणत निघून जायच्या. धूर नाही, धडधड नाही, पाण्यावर रंगीत तवंग नाही. सगळे म्हणायचे, सुटलो बाबा एकदाचे. हर्षदाही म्हणायची. चारचौघांत दुसरं काय म्हणणार?

पण तिचा नवरा, जयवंत, घरी यायचा तेव्हा आधी हा वास यायचा आणि मग माणूस. शर्टाला डिझेल, केसांना डिझेल, हाताच्या रेषांमध्ये डिझेल. "आधी न्हाणीत जावा, मगे माझ्या घरात पाऊल टाका," असं ती दारातच ओरडायची, आणि तो मुद्दाम तसाच आत येऊन तिच्या पदराला हात पुसायचा. अठरा वर्षांपूर्वी तो गेला. पुढे डिझेलही गेलं. आणि मग एक दिवस कालवांतून तो वास परत आला, तेव्हा सगळं गाव नाक मुरडत असताना ही बाई गुपचूप टोपलीभर कालवं घरी नेऊन एकटी खाऊ लागली. लाज वाटायची तिला. पण सुटत नव्हतं.

जयवंत गेला तो असा. इंजिन दुरुस्तीसाठी 'भागीरथी' ही आपली होडी त्याने मोठ्या बंदरावर नेली होती. होडीला आईचं नाव दिलेलं होतं त्याने. काम झालं, मोसमाच्या पहिल्याच दिवशी तिथे टाकी काठोकाठ भरून घेतली आणि तो एकटाच परत निघाला. दुपारी वादळ उठलं. दोन दिवसांनी त्याचा एक रिकामा कॅन पार दक्षिणेला, खोल समुद्रात सापडला. म्हणून शोध तिकडेच झाला. तेव्हापासून हर्षदा खाडीच्या तोंडाजवळच्या टेकाडावर जाऊन उभी राहिली की तिची नजर सरळ क्षितिजावर जायची.

*

कालवांचा बोभाटा झाला तसं गावाने खाडी संशोधन केंद्राकडे तक्रार केली, आणि केंद्राने जिला पाठवलं ती हर्षदाचीच लेक निघाली. सानिका. चोवीस वर्षांची, वसतिगृहात राहून शिकलेली, आता शहरी मराठी बोलणारी. रागावली की मात्र जिभेवर मालवणी यायची. तिने डब्याएवढं एक यंत्र आणलं होतं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. बायकांनी त्याला पाहिल्याबरोबर 'नाकाडा' म्हटलं, आणि मग सानिकाही तेच म्हणू लागली.

शाळेच्या पडवीत गाव जमलं. सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती, जहाजाचं नाव. बाहेरून जाणारी अजस्र जहाजं अजून तेल जाळत होती, त्यांच्यापैकीच कुणाचं तरी हे पाप आहे याबद्दल तिवरवाडीत दुमत नव्हतं.

"पण कळतला कसां? तेल तां तेल!" मागून कुणीतरी म्हणालं.

"नाही काका. तेलाला ठसा असतो," सानिका म्हणाली आणि तिने समजावून सांगितलं. खनिज तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात मेलेलं शेवाळ आणि बारीक जीव. ज्या समुद्रात जे जीव मेले, त्यांच्या रेणूंचे काही सांगाडे त्या तेलात तसेच राहतात. म्हणून एका विहिरीचं तेल दुसरीसारखं नसतं. कारखान्यात शुद्ध केलं, डिझेल केलं, तरी काही खुणा उरतातच. वर प्रत्येक कारखाना आपापली औषधं मिसळतो, त्यांची खूण वेगळी. त्या काळी विकल्या गेलेल्या डिझेलच्या बहुतेक खेपांचे नमुने केंद्राने जपून ठेवले होते. नाकाडा कालवातला ठसा वाचणार आणि नमुन्यांशी ताडून बघणार.

"आणि कालवच कशाला? तर कालव दिवसभर बादल्या बादल्या पाणी गाळतं. तेल पाण्यात मिसळत नाही, पण चरबीत मुरतं. पाण्यात आपल्याला दिसणारही नाही इतकं तेल असलं तरी कालवाच्या अंगात ते साठत जातं."

मग तिने तुळसाच्या टोपलीतलं एक कालव खलबत्त्यात ठेचून यंत्रात घातलं. पडद्यावर एकामागून एक उंच-बुटक्या रेघा उमटल्या. सानिका वाकून वाचू लागली. जहाजाचं जड तेल नव्हतंच हे. साधं डिझेल होतं, होड्यांमध्ये भरायचे ते. खेप अठरा वर्षांपूर्वीची, मोठ्या बंदरावरच्या पंपाची. आणि या सगळ्याच्या शेजारी एक भलतीच उंच रेघ होती, जिच्याखाली यंत्राने 'अनोळखी' असं लिहिलं होतं. ती डिझेलची नव्हतीच. कुठल्यातरी झाडाच्या राळेची होती, एवढं सानिकाने ओळखलं.

"काय गो चेडवा? नाव सांग मेल्याचा!" तुळसा म्हणाली.

"परत तपासावं लागेल," असं म्हणून सानिकाने यंत्र मिटलं आणि तडक घरी आली.

हर्षदा चुलीपाशी भात बघत होती. सानिका दारातच उभी राहिली. "आई, बाबा डिझेलच्या टाकीत उंडीचं तेल घालायचे ना?"

हर्षदाच्या हातातली पळी थांबली.

उंडीचं झाड समुद्रकाठी वाढतं. त्याच्या बिया वाळवून घाण्यावर घातल्या की हिरवट काळं, कडू तेल निघतं. खायच्या उपयोगाचं नाही, पण त्यातली राळ अशी जहाल की ते चोळलेल्या लाकडाला किडा शिवत नाही. पूर्वी कोकणातल्या होड्यांना तेच चोळायचे. पुढे फायबर आलं, रंग आले, आणि लोकांनी उंडी सोडून दिली. जयवंतने मात्र सोडली नाही. परड्यातल्या झाडाच्या बिया हर्षदा वाळवायची आणि तो तेल काढून आणायचा. लाकडाला तर चोळायचाच, पण मोसमाच्या पहिल्या दिवशी एक आख्खी बाटली डिझेलच्या टाकीतही ओतायचा. "भायल्या तेलाक घरचा तेल वळखीचा करून देवक होया," म्हणायचा. गाव हसायचं. सगळ्या किनाऱ्यावर असलं येडेपण करणारा तो एकटा होता.

"घालीत," हर्षदा म्हणाली. "कित्याक?"

सानिकाने सांगितलं. हर्षदा खालीच बसली. भात करपला, तो वास घरभर झाला, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

*

केंद्राने पाण्याखालून चालणारं यंत्र सोडलं. खेकड्यासारखं तिरकं चालायचं ते. तीन दिवस खाडीच्या तोंडाशी असलेला वाळूचा दांडा त्याने धुंडाळला आणि चौथ्या दिवशी चित्र पाठवलं. गेल्या साली दांडा सरकला होता, त्यामुळे इतकी वर्षं वाळूत गाडलेलं एक टोक उघडं पडलं होतं. मागचा भाग, सुकाणू, आणि सुकाणूच्या दांडीला गुंडाळलेली निळी नायलॉनची दोरी.

ती दोरी हर्षदाने स्वतः गुंडाळली होती. दांडी घासून जयवंतच्या तळव्याला फोड यायचे म्हणून. शेवटची गाठ तिची नेहमीची, वेणीला घालते तशी. तिने पडद्यावर त्या गाठीवर बोट ठेवलं.

"खंय आसा ह्या?"

"दांड्याला लागून, आतल्या बाजूला. आपल्या टेकाडाच्या समोर." सानिका म्हणाली. "तिथून हाक मारली तर ऐकू जाईल, एवढंच अंतर आहे."

हर्षदा उठली ती तडक टेकाडावर गेली. सानिका मागून धावत आली. खाली दांड्यावर पांढरी लाट फुटत होती. अठरा वर्षं ती इथे उभी राहिली होती आणि अठरा वर्षं या लाटेच्या डोक्यावरून पलीकडे बघत होती.

"म्हणजे तो येय होतो," ती म्हणाली. "इलोच होतो गो! आणखी थोडा, आणि जेटीक लागलो असतो. आणि मी मेली थंय लांब बघीत रवलंय!" ती रडत होती आणि हसतही होती. तो कुठे खोल काळ्या पाण्यात नव्हता, घराकडे तोंड करून होता. या एका गोष्टीने तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच भीती वाटली. डोळे पुसून ती म्हणाली, "आता तेका वर हाडा. मी तेका घराक हाडतलंय."

सानिकाने तोंड फिरवलं. हर्षदाला वाटलं, पोर रडते आहे.

*

खरी गोष्ट सानिकाने संध्याकाळी सांगितली. टाकी गंजून पापुद्र्याएवढी उरली होती आणि तिच्यातून थेंब थेंब गळत होतं. होडीच्या पोटात वाळू भरली होती, जयवंतचं काही उरलं असेल तर ते त्याच वाळूत होतं. ओढून वर काढायला गेलं की टाकी फुटणार, आणि भरतीबरोबर सगळं तेल खाडीत, तिवरांत, कालवांच्या खडकांवर जाणार. तशीच ठेवली तर पावसाळ्याच्या लाटा कधीतरी फोडणारच.

"मगे?"

"जीवाणू. तेल खाणारे. समुद्रात असतातच ते, फक्त थोडे आणि सुस्त. आम्ही त्यांना पिढ्यान्‌पिढ्या तेलावरच वाढवतो, म्हणजे ते हावरे होतात. वाळूतून बारीक सुई आत घालायची, टाकीभोवती त्यांचा घट्ट लगदा भरायचा. गळती थांबते आणि आतून ते तेल खात सुटतात. तेल संपलं की उपाशी मरतात, मागे काही उरत नाही."

"आणि होडी?"

"लाकडात इतक्या वर्षांचं तेल मुरलंय. तेही खातील. मग लाकूड उघडं पडेल, त्याला समुद्रातला किडा लागेल." सानिका जमिनीकडे बघत होती. "दोन वर्षांत होडी राहणार नाही, आई."

"आणि तुझो बापूस?"

"ते तिथेच राहतील."

नव्या कायद्याने ज्याचं तेल त्याच्या वारसाने ते निस्तरायचं होतं. आणि ज्या बुडालेल्या होडीत माणूस असेल तिला जवळच्या नातलगाच्या होकाराशिवाय हात लावायचा नाही, हेही त्याच कायद्यात होतं. म्हणजे गाडं हर्षदापाशी येऊन अडलं होतं.

"नाय," ती म्हणाली. "किड्यांका घालूक मी तेका शोधूक नाय. वर काढूक जमत नसात तर हात लावू नकात."

"आणि खाडी? खडकांवर या वर्षी नवं कालव धरलंच नाहीये. बारीक पिल्लं चिकटायच्या आधीच मरतात. तू रोज जातेस, तुला दिसत नाही?"

"तुका काय गो! तुका तो आठवता तरी काय?"

बोलून गेली आणि हर्षदाने जीभ चावली. पण तीर सुटला होता. सानिकाची शहरी मराठी कुठल्या कुठे गेली.

"नाय आठवत! तोंड फोटोत बघतंय. आवाज नाय आठवत, वास नाय आठवत, काय्येक नाय! तुका निदान वास तरी गावता. तू ती कालवां चोरून कित्याक खातंस, तां माका ठावक नाय असां वाटता तुका?"

ती बाहेर निघून गेली. हर्षदाने खुंटीवरची बाटली काढली. कोकमाच्या आगळाची जुनी बाटली, तळाला बोटभर उंडीचं तेल असलेली. जयवंतने काढलेलं शेवटचं. परड्यातलं झाड त्यानंतरच्या वादळात पडलं आणि घाणाही बंद झाला. तिने बूच काढून वास घेतला आणि बाटली पुन्हा खुंटीला टांगली.

*

दुसऱ्या दिवशी तुळसा आली. गावात बातमी फुटली होती. हर्षदाने मनाची तयारी केली की आता ही तोंडाचा पट्टा सोडणार. तुळसा पायरीवर बसली आणि पान जमवू लागली.

"वर्सभर मी जहाजवाल्यांका शिव्या घातलंय," शेवटी ती म्हणाली. "आता कोणाक घालू, तां सांग."

"माका घाल."

"तुका कित्याक? माझ्या घोवान दर म्हयन्याक इंजिनाचां जळकां तेल ह्याच खाडयेत ओतलां. माझ्या डोळ्यांदेखत. मी म्हटलंय काय कधी, की ओतू नको? माका म्हावऱ्याचे पैशे दिसत होते, दुसरां काय दिसणार? सगळ्यांनीच ओतलां. तां वाहून गेलां, तुझ्या घोवाचां रवलां, इतक्याच." तिने पान तोंडात टाकलं. "पण माझी सून पोटुशी आसा. तिका कालवां व्हयी म्हणता. मी काय सांगू तिका?"

उत्तराची वाट न बघता ती गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं हर्षदाला वाटलं. ओरडणाऱ्याला ओरडून उत्तर देता येतं.

त्या दिवशी ती खडकांवर गेली ती टोपली न घेता. वाकून वाकून बघितलं. जुनी जाडी कालवं होती, पण त्यांच्यामध्ये नखाएवढी नवी कुठेही नव्हती. मोकळे खडक नुसते. रोज येऊन ती आपल्याला हवं तेवढंच बघत होती.

तिला एक जुना दिवस आठवला. लग्नानंतरचा पहिलाच मोसम. जयवंतचं एक जाळं फाटून वाहून गेलं होतं. वापरायच्या लायकीचं उरलं नव्हतं. तरी तो दोन दिवस धंदा बुडवून ते शोधत फिरला. तिवरवाडीत रीतच होती ती. सुटलेलं जाळं कुणाच्याही मदतीशिवाय मासे मारत राहतं, म्हणून ज्याचं असेल त्याने ते परत आणायचं. "गेलां तर गेलां, नवा घेवया," असं ती म्हणाली होती. तो तिच्याकडे असा बघत राहिला होता, जसं काही तिने चोरी करायला सांगितलं होतं.

आता त्याचं सुटलेलं तेल निस्तरायला त्याला येणं जमत नव्हतं, आणि त्याच्या घरातली ती हात बांधून बसली होती.

घरी येऊन ती सानिकाला म्हणाली, "घाल तुझे ते किडे. पण तेका दुखापत होता नये." आणि मग स्वतःच्याच बोलण्याने तिला हुंदका फुटला. सानिकाने तिला मिठी मारली. कितीतरी वर्षांनी.

*

वाटलं, आता संपलं. पण तसं व्हायचं नव्हतं.

जेटीवरच्या शेडमध्ये सानिकाने जीवाणूंच्या बरण्या मांडल्या होत्या. कालवांच्या चरबीतून काढलेल्या थेंबभर तेलावर तिने ते सोडून पाहिले, आणि ते मेले. पुन्हा सोडले, पुन्हा मेले. उंडीची राळ! जिने आयुष्यभर होडीला किडा लागू दिला नाही, ती या किड्यांनाही जवळ येऊ देईना. सानिका घरी आली ती पडलेल्या चेहऱ्याने.

"शिकवता येतं त्यांना," ती म्हणाली. "आधी राळेचा अगदी थेंब द्यायचा, जे जगतील त्यांची पुढची पिढी, मग दोन थेंब. त्यांची पिढी तासाभराची असते. महिन्याभरात होईल. पण राळ तीच हवी. अठरा वर्षं मुरून बदललेली. ताज्या उंडीवर वाढवले तर इथे टिकणार नाहीत. प्रयोगशाळेत करायची म्हणजे वर्ष जाईल, आणि पावसाळा तर तोंडावर आलाय."

बोलताना ती खिडकीकडे बघत होती, मग दाराकडे, मग स्वतःच्या हातांकडे. खुंटीकडे तिने एकदाही बघितलं नाही. आणि ती बघत नाही हे हर्षदाच्या लक्षात आलं.

हर्षदा उठली आणि तिने बाटली काढली.

"आई, नको. मी त्यासाठी नव्हते..."

"गप ऱ्हव." तिने बूच काढून बाटली लेकीच्या नाकाशी धरली. "घे वास. ह्यो तुझो बापूस. अर्धो. डिझेल घातलंस काय पुरो."

सानिकाने डोळे मिटून वास घेतला. कडू, ओल्या सालीचा, जुनाट वास. काही आठवलं की नाही, ते हर्षदाने विचारलं नाही.

शेडमध्ये हर्षदाने स्वतःच्या हाताने बाटली बरणीत उपडी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवली.

"थोडं ठेव ना तुला," सानिका म्हणाली.

"नको. ठेवलेला तेलच आता निस्तरतव ना आमी?"

केंद्राने जपलेल्या त्या खेपेच्या नमुन्यातलं डिझेल सानिकाने दुसऱ्या बरणीत घेतलं, त्यात उंडीचे थेंब सोडले आणि झाकण लावायच्या आधी आईकडे बघितलं. हर्षदा वाकली. आणि तो आला. डिझेल आणि उंडी, हाताच्या रेषांत मुरलेला, पदराला पुसलेला, दारातून आधी येणारा आख्खा जयवंत. तिने टेबलाची कड घट्ट धरली. या वासाने खाडी मारली होती, दर्या काळा केला होता, आणि तरीही तिला त्या बरणीत डोकं घालून बसावंसं वाटत होतं. एकाच जिवाला दोन्ही गोष्टी कशा वाटू शकतात, हे तिला कळेना.

महिनाभर ती रोज शेडमध्ये गेली. सानिका झाकण उघडायची. पहिल्या आठवड्यात वास तसाच होता. मग जीवाणू शिकू लागले, तसं पाणी गढूळ होत गेलं आणि वास उतरत गेला. आधी उंडी गेली. मग डिझेलही विरलं. एक दिवस सानिकाने झाकण उघडलं तर नुसता ओल्या मातीचा वास आला.

"शिकले," सानिका म्हणाली. आनंद व्हावा की वाईट वाटावं, हे तिला कळत नव्हतं.

*

आभाळ भरून यायला लागलं होतं तेव्हा केंद्राचं खेकड्यासारखं यंत्र शेवटचं पाण्यात उतरलं. कायद्याप्रमाणे वारसाने हजर राहायचं होतं. हर्षदा टेकाडावर उभी राहिली, शेजारी तुळसा, मागे गावातली माणसं. सानिकाने हातातलं यंत्र आईपुढे धरलं. हर्षदाने जीवाणू सोडायचं बटण दाबलं. खाली पाण्यावर काहीच दिसलं नाही.

हाक मारली तर ऐकू जाईल, असं पोर म्हणाली होती. जयवंतला तिने कधी नावाने हाक मारली नव्हती. तिने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि जोरात हाक दिली, "अहोऽऽ!"

लाट फुटली, परत गेली. हर्षदा थोडा वेळ कान देऊन उभी राहिली आणि मग घराकडे वळली.

*

पावसाळा आला आणि गेला. वाळूचा दांडा पुन्हा सरकला, निळ्या दोरीवर वाळू चढली. दिवाळी उलटल्यावर मोठी ओहोटी लागली आणि बायका टोपल्या घेऊन खडकांवर उतरल्या. जुन्या कालवांच्या मध्येमध्ये नखाएवढे नवे शिंपले चिकटले होते. खूप नव्हते, पण होते. तुळसाची सून कडेवर तान्हं घेऊन काठावर उभी होती.

"पयला तू खा," तुळसा हर्षदाला म्हणाली. सगळ्या थांबल्या.

हर्षदाने एक जाडसं कालव फोडलं. गर तोंडात टाकला. खारट, मग गोड, मग समुद्र. ती चावत राहिली.

"येता काय गो वास?"

"नाय," हर्षदा म्हणाली. "काय्येक नाय."

बायकांनी एकच गलका केला. हातोड्या चालू झाल्या, कुणी शिंपल्यातूनच गर सुनेला भरवू लागलं, कुणी उगाच ओरडू लागलं. सानिका नाकाडा घेऊन आली होती, तिने तो उघडलाही नाही.

हर्षदाने दुसरं कालव फोडलं, खाल्लं. मग तिसरं. मग ती पलीकडच्या खडकावर सरकली आणि तिथलं एक फोडलं. दांड्याच्या बाजूच्या खडकावर गेली, तिथलं फोडलं. ती टोपलीत काही टाकत नव्हती. फोडायची, तोंडात घ्यायची, डोळे मिटून थांबायची आणि पुढच्यावर हातोडी घालायची. बोटाला शिंपला लागून रक्त येत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. भरतीचं पाणी तिच्या घोट्यांना लागलं तेव्हा तुळसा तिच्यापाशी आली. तिने हर्षदाच्या हातातून हातोडी हळूच काढून घेतली.

"पुरे गो आता," ती म्हणाली, आणि तिच्या शेजारी पाण्यातच बसली.